लेण्याद्रीच्या वीस कोठड्या

पुण्याहून नाशिक रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की घोड नदीच्या खोऱ्यातले मंचर मागे पडते आणि आंबेगाव तालुका संपून जुन्नर तालुका लागतो. नारायणगावला महामार्ग सोडून डावीकडे वळावे. टोमॅटोने भरलेले टेम्पो, द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी असा हा संपन्न मुलूख आहे. मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर या पेठांतून आपल्या समाजाची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. जुन्नर गावात शिवनेरीचा कडा समोर उभा राहतो. तेथून आणखी काही किलोमीटरवर, कुकडी नदी ओलांडली, की गोळेगावच्या माथ्यावर काळ्या कातळाची एक लांबच लांब पट्टी दिसू लागते आणि त्या पट्टीत ओळीने दारे दिसतात. हीच लेण्याद्री.

बहुतेक प्रवासी येथे येतात ते गिरिजात्मज गणेशाच्या दर्शनासाठी. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेले हे एकमेव स्थान. गिरिजेने, म्हणजे पार्वतीने, पुत्रप्राप्तीसाठी येथे बारा वर्षे तप केले, अशी कथा सांगतात. परंतु लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरली गेली. जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी का, याचे उत्तर आपल्या वाचकांना चटकन पटेल. कारण होते बाजारपेठ. कोकणातल्या कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने सह्याद्री चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजणही आहे. त्यात जकात गोळा होत असे, असे लोक सांगत आले आहेत. व्यापाराने वाट चालती ठेवली आणि वाटेने लेणी उभी केली.

चौदा गठ्ठे पायऱ्या

गेल्या मार्गशीर्षात आम्ही तीन कुटुंबे मिळून गेलो होतो. त्यात किराण्याचा घाऊक व्यापार करणारे एक स्नेही, त्यांच्या पत्नी आणि त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा होता. मुलाला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. हुशार मुलाला केवळ वाचन, लेखन किंवा गणित कठीण जाते, त्या अध्ययन अक्षमतेविषयी हा लेख नाही. ज्यांना पैसे, वेळ, प्रवास, औषधे, अनोळखी माणसे अशा रोजच्या गोष्टींत आयुष्यभर कोणाची तरी साथ लागते, अशा तरुणांविषयी तो आहे.

हा मुलगा दुकानात बारदानाच्या घड्या घालतो. वीस पोती झाली, की सुतळीने बांधून गठ्ठा बाजूला ठेवायचा, ही त्याची कामाची रीत. लेण्याद्रीच्या पायऱ्याही त्याने तशाच मोजल्या. विसापर्यंत गेला, की हात झटकायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. या पायऱ्या कोणी २८३ सांगतात, कोणी ३०७. वर पोहोचल्यावर तो म्हणाला, "चौदा गठ्ठे, आणि वर थोड्या." आमच्यापैकी इतरांनी मोजल्याच नव्हत्या, त्यामुळे त्याचा हिशेब सर्वांनी मान्य केला.

पायऱ्यांवर वानरांचा त्रास आहे, तेव्हा हातात खाण्याची पिशवी ठेवू नये. सकाळी लवकर चढावे. लेणी दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यातही दुपारी ऊन थेट अंगावर येते.

विहार

गणेशाचे मंदिर म्हणजे सातव्या क्रमांकाचे लेणे. खांब असलेल्या ओसरीतून आत गेले, की एकदम प्रशस्त दालन लागते. सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद, आणि एवढ्या छताखाली आत एकही खांब नाही. दालनाच्या उजव्या भिंतीत सात कोठड्या, डाव्या भिंतीत सात आणि मागच्या भिंतीत सहा. एकूण वीस. मागच्या भिंतीत मधोमध आज गणेशाचे स्थान आहे. प्रकाश येतो तो समोरच्या दारातून आणि खिडक्यांतून.

दर्शन घेऊन आम्ही भिंतीला टेकून बसलो. मुलगा मात्र प्रत्येक कोठडीच्या दारात जाऊन आत डोकावत होता. एक फेरी पूर्ण करून तो आईपाशी आला. "एक गठ्ठा," असे सांगून त्याने विचारले, "यातली माझी कोणती?"

वहिनींनी काही उत्तर दिले नाही. घरी तो आजही आईवडिलांच्या खोलीत झोपतो. धाकट्या भावाचे लग्न झाले तेव्हा खोली भावाला मिळाली, आणि ते स्वाभाविकच होते. त्याला स्वतंत्र खोली हवी असेल, हा विचार त्या घरात कोणाच्या मनात आला नव्हता. तो लाडका आहे, त्याला काही कमी नाही. तरीही सत्तावीस वर्षांच्या माणसाने दार लावून घेता येईल अशी चार हात जागा मागितली, तर ती मागणी वावगी म्हणता येणार नाही.

त्याचा प्रश्न साधा होता, पण विहाराच्या रचनेचे मर्म त्यात बरोबर आले होते. विहार म्हणजे नेमके काय? प्रत्येकाला स्वतःची कोठडी, सर्वांना मिळून एक दालन. कोठडीत सहसा एक दगडी ओटा असे, एका माणसाला निजण्यापुरता. एकांत हवा तेव्हा आत जावे, सोबत हवी तेव्हा दोन पावले बाहेर यावे. ही माणसे एका रक्ताची नव्हती. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या कुळांतून आलेली, स्वतः न कमावणारी माणसे एका नियमाखाली एकत्र राहत. त्यांना अन्न, वस्त्र आणि पाणी पुरवण्याची जबाबदारी खाली बाजारपेठेत राहणाऱ्या गृहस्थांनी उचललेली होती. भिक्षूने घर सोडलेले असते आणि आपल्या मुलांना घर हवे असते, हा फरक अर्थातच मोठा आहे. परंतु वीस माणसांना एकत्र, तरीही आपापले असे कसे राहता येईल, या प्रश्नाचे कातळात कोरलेले उत्तर येथे डोळ्यांसमोर उभे आहे.

दाते कोण होते?

शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्या ओसरीत दात्याचे नाव कोरलेले आहे. कल्याणचा, हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा. आजच्या भाषेत सराफ म्हणा किंवा खजिनदार म्हणा. कल्याणच्या एका पेढीवरच्या घराण्याने घाटावर येऊन हे दान केले. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिल्याची नोंद आहे. येथे दाता एक शेठ नाही, तर सगळी धान्यबाजारपेठ आहे.

पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. हा शब्द आपल्याला परका नाही. याच पुणे जिल्ह्यात, मावळातील कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. भदंत इंद्ररक्षिताने लेणे करविले आणि पोढीही करविली, असे तो सांगतो. नुसते लेणे देऊन दान पुरे होत नाही, राहणाऱ्याला पाणीही मिळाले पाहिजे, हे बौद्ध दात्याला ठाऊक होते आणि जैन साधूलाही. घर बांधून देणे सोपे असते. रोजचे पाणी कोण पाहणार, हा खरा प्रश्न.

त्या प्रश्नाचेही उत्तर शिलालेखांत आहे, आणि ते व्यापाऱ्याच्या भाषेत आहे. जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. सर्वांत स्वच्छ हिशेब मिळतो तो नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथे लेणे दिले आणि त्यासोबत तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट घातली. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी कमी नाही, एक कवडी जास्त नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला.

उषवदाताला स्वतःच्या मृत्यूनंतरही त्या वीस जणांना वस्त्र मिळायला हवे होते. त्यासाठी त्याने आपल्या मुलांच्या सद्भावनेवर विसंबून न राहता ठेव, व्याजदर, सांभाळणारी संस्था आणि जाहीर नोंद या चार गोष्टी केल्या. सद्भावना असतेच, पण तिला कागदाचा आधार लागतो, हे आपल्या पेढ्यांइतके कोणाला ठाऊक असणार?

आमच्यामागे कोण?

ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न उरतो. आमच्यामागे कोण?

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, आयुष्य लहान होते. शंभर वर्षांपूर्वी डाऊन सिंड्रोम असलेली मुले क्वचितच पंचविशी गाठत. आज हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि औषधे यांमुळे त्यांतील अनेक जण साठीपर्यंत जगतात. म्हणजे मूल आईवडिलांच्या मागे राहणार, हे आता जवळजवळ निश्चित आहे. दुसरे कारण, एकत्र कुटुंब. वाड्यात वीस माणसे असत, एकाची देखरेख सर्वांत वाटली जाई. आता तीन भाऊ तीन सदनिकांत राहतात, नातू बंगळूर किंवा परदेशात असतो. भावाचे प्रेम आटले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरे लहान झाली, हे खरे.

शाळांचे काम महाराष्ट्रात लवकर सुरू झाले. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी सुरू केली. शाळांमागोमाग कार्यशाळा आल्या. पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, मसाल्यांची पाकिटे या कामांतून तरुणांना हातखर्च मिळू लागला. परंतु शाळा दुपारी सुटते, कार्यशाळा संध्याकाळी बंद होते. संध्याकाळनंतर जे लागते, त्याचे नाव घर. त्या तिसऱ्या पायरीवर आपण अजून उभे आहोत.

घर म्हणजे कसे?

निवासी संस्था म्हटले, की लांब ओळीत मांडलेल्या खाटा आणि घंटेच्या तालावर जेवण असे चित्र डोळ्यांपुढे येते. साहाय्यित सहनिवास त्याहून वेगळा आहे. चार-सहा प्रौढ तरुण एका साध्या घरात राहतात. प्रत्येकाला स्वतःची खोली, निदान स्वतःचे कपाट आणि त्याची किल्ली असते. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली सर्वांची. सोबत एक-दोन प्रशिक्षित माणसे असतात. ज्याला जितकी मदत हवी तितकीच द्यायची, असा नियम. एकाला आंघोळीला हात लागतो, दुसऱ्याला फक्त महिन्याचे पैसे मोजून द्यावे लागतात, तिसऱ्याला बसचा क्रमांक सांगितला की पुरते. भाजी कोणती करायची, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. दिवसा प्रत्येक जण आपापल्या कामाला जातो. सणाला, लग्नाला, पर्युषणात घरी येतो आणि मग पुन्हा आपल्या घरी परततो.

लेण्याद्रीहून फार दूर नाही, याच जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात कोळवणजवळ 'साधना व्हिलेज' नावाची वस्ती आहे. १९९० च्या दशकात ती सुरू झाली. तेथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ लहान लहान घरांत गृहमातांसह कुटुंबासारखे राहतात. त्यांना रुग्ण किंवा विद्यार्थी म्हणत नाहीत, 'विशेष मित्र' म्हणतात. शेती, स्वयंपाक, हस्तकला अशी कामे ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे वाटलेली असतात. हिंजवडीपलीकडे मारुंजी येथे 'नवक्षितिज' ही संस्थाही प्रौढांसाठी निवासाचे काम करते. अशा वस्त्यांच्या कल्पनेची मुळे दूर स्कॉटलंडमध्ये सापडतात. नाझींच्या छळामुळे मायदेश सोडून आलेले ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० साली ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिल नावाच्या वास्तूत असे सहजीवन सुरू केले. स्वतः बेघर झालेल्या माणसांनी घर या शब्दाचा अर्थ नीट ओळखला होता. पुढे तीच कल्पना कॅम्पहिल या नावाने अनेक देशांत पसरली.

कायदाही आता या बाजूचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याच्या १९ व्या कलमानुसार कोठे आणि कोणाबरोबर राहायचे, हे निवडण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीलाही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही योजना तर प्रौढांच्या आजीवन निवासासाठीच सुरू झाली होती. पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले, की कायद्याने ते प्रौढ होते आणि आईवडीलही आपोआप त्याचे पालक उरत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. हे काम साठीनंतर करू असे म्हणून पुढे ढकलू नये.

आपल्या घरांतील अडचणी

आता आपल्यापुरते बोलू. आपल्या समाजात दानाची उणीव नाही. गावोगावी धर्मशाळा, भोजनशाळा, आयंबिलशाळा, विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग आपण चालवतो. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्याला बालपणापासून शिकवलेली असतात. यांतील अभयदानाचा अर्थ आपण प्राणिमात्राला मृत्यूच्या भयापासून सोडवणे एवढाच घेतो. आईच्या मनातील 'माझ्यामागे कोण' हे भयही भयच आहे, आणि त्यापासून कोणाला मुक्त करता आले, तर ते अभयदानच ठरेल.

तरीही अशा घरांची मागणी आपल्यातून फारशी पुढे येत नाही, याची कारणे मोकळेपणाने बोलली पाहिजेत. पहिले कारण लग्नाचे. बहिणीचा किंवा भावाचा बायोडाटा तयार होतो, त्यात या मुलाचे नाव कधी कधी गाळले जाते. पाहुणे येतात तेव्हा तो आतल्या खोलीत असतो. ज्याचे अस्तित्वच झाकायचे, त्याच्या घराची चर्चा उघड कशी होणार? दुसरे कारण लोकलाजेचे. मुलाला बाहेर ठेवले, असे समाज म्हणेल. परंतु आपण नातवाला शिक्षणासाठी वसतिगृहात ठेवतो, मुलीला सासरी पाठवतो, तेव्हा बाहेर ठेवले असे कोणी म्हणत नाही. मोठे झाल्यावर स्वतःचे घर असणे ही वाढीची खूण मानतो. मग याच एका मुलाची वाढ का थांबवायची?

तिसरी अडचण आचाराची आहे, आणि ती किरकोळ समजू नये. कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळलेले पाणी, पर्वतिथीचे नियम, हे सांभाळणारे निवासस्थान कोठे मिळेल, असे आया विचारतात. रास्त प्रश्न आहे. सत्तावीस वर्षे चौविहार पाळलेल्या मुलाला रोज रात्री नऊ वाजता जेवायला बसवणे म्हणजे त्याच्या ओळखीच्या जगातला एक आधार काढून घेणे होय. पण याच प्रश्नाचे दुसरे टोकही पाहावे. हे नियम पाळणारे घर उभे करण्याची शक्ती आपल्या संघांकडे आहे आणि उपाश्रयाजवळची जागाही बहुधा आहे.

चौथी अडचण दुकानाची. असा मुलगा दुकानात बसतो, काम करतो, पण त्याचे नाव पगारपत्रकात नसते. बारदानाचे गठ्ठे बांधणाऱ्या दुसऱ्या माणसाला जी मजुरी द्यावी लागली असती, ती त्याच्या नावावर जमा का होऊ नये? त्याच्या भविष्याच्या ठेवीतला तो पहिला रुपया असेल, आणि तो त्याने स्वतः कमावलेला असेल.

हिशेब

उषवदाताचा हिशेब आजच्या आकड्यांत मांडून पाहू. उदाहरणादाखल, एका तरुणाच्या निवासाचा, जेवणाचा आणि मदतनिसाचा खर्च महिन्याला पंचवीस हजार धरला, तर वर्षाला तीन लाख होतात. शेकडा सहा व्याजाने त्यासाठी पन्नास लाखांचे मुद्दल लागते. महागाई वाढते म्हणून व्याजातला काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घातला पाहिजे, तेव्हा मुद्दल त्याहून मोठे हवे. एकट्या मध्यम व्यापाऱ्याला ही रक्कम जड आहे. पण पाच-सहा कुटुंबे एकत्र आली, तर घर एक, स्वयंपाकघर एक आणि मदतनिसांचा पगार वाटला जातो. त्यात संघाची जागा मिळाली, तर भाड्याचा बोजा उतरतो. एखाद्या श्रीमंत दात्याने खोली बांधून दिली तर स्वागतच आहे, पण धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीप्रमाणे बाजारपेठेने मिळून पोढी दिली पाहिजे. पोढी म्हणजे येथे रोजचा खर्च.

पैशांइतकाच महत्त्वाचा आहे तो सराव. आई गेली त्या दिवशी मुलाला नव्या घरी नेणे हा त्याच्यावर दुहेरी आघात असतो. आईवडील धडधाकट असतानाच सुरुवात व्हावी. आधी एक रात्र, मग आठवड्यातून दोन, मग महिना. त्याला घर आवडले नाही, तर तसे सांगण्याची मुभा असावी आणि त्याचे ऐकले जावे. कोठडी त्याची आहे, म्हणून निवडही त्याची हवी.

आणि हे दान एकतर्फी नाही. तत्त्वार्थसूत्राने जीवांचे कार्य परस्पर उपग्रह, म्हणजे एकमेकांच्या उपयोगी पडणे, असे सांगितले. त्यातील 'परस्पर' हा शब्द आपण घाईने वाचतो. अशा घरात राहणारा मुलगा दुसऱ्याचे ताट वाढतो, चालता न येणाऱ्याची खुर्ची ढकलतो, आजारी मित्राच्या उशाशी बसतो. वैयावृत्य हे आभ्यंतर तप मानले आहे. ते करण्याची संधी त्यालाही असावी, नुसते घेत राहण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

लेण्याद्री उतरून जुन्नरला परतताना दक्षिणेला मानमोडीचा डोंगर दिसतो. तेथील अंबा-अंबिका गटातील एका लेण्यात उत्तरकाळातील जैन मूर्ती आहेत. वेळ असेल तर वाट माहीत असलेला गावकरी सोबत घेऊन अवश्य जावे. अंबिका ही नेमिनाथ भगवंतांची शासनदेवी. तिच्या मूर्तीत सहसा एक मूल मांडीवर असते आणि दुसरे शेजारी उभे असते. आईपण या दोन्हींत आहे, मांडीवर घेण्यात आणि शेजारी उभे करण्यात.

येत्या दिवाळीला घरोघरी चोपडापूजन होईल आणि नव्या वहीत शुभ-लाभ लिहिले जाईल. ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने त्या वहीत एक खाते त्याच्या नावाने उघडावे. ज्या घरात नाही, त्या घराने शेजारच्या घरासाठी उघडावे. पहिली जमा लहान असली तरी चालेल. खात्यावर नाव मात्र त्याचे, पूर्ण आणि स्पष्ट अक्षरांत असावे.